शिंगणापूर फाट्यावरून दमडी मशिदीकडे

घोडेगावला उतरलेली गर्दी एकाच दिशेनं जाते. शनिशिंगणापूर इथून जेमतेम पाच-सहा किलोमीटर. गाडी थांबते न थांबते तोच जीपवाले पिशवीला हात घालतात. गावाची देवी घोडेश्वरी, पण या घाईत तिच्याकडेही फारसं कुणी वळत नाही. मी त्या गर्दीतून अंग चोरून बाहेर आले आणि नगरची एसटी पकडली. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पाटीवरही तेच आहे. कंडक्टरच्या तोंडी मात्र अजून 'नगर, नगर, बसून घ्या'. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडीत आम्हा बायकांचाच भरणा.

घोडेगावच्या बाजारात कांद्याचे लिलाव होतात. रस्त्यावर गोण्यांनी लादलेले टेम्पो, त्यांच्या मागे आमची गाडी, आणि गाडीभर कांद्याचा वास. पांढरीपूल मागे पडला की इमामपूरचा घाट चढायला लागतो. रस्ता काढताना कापलेला डोंगर तिथे उघडा पडलाय. काळा, कणखर दगड. नगरचा किल्ला याच जातीच्या दगडाचा, आणि मी बघायला निघाले होते ती दमडी मशीदही.

तारकपूरला उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्यानं 'किल्ला की चांदबीबी महाल?' एवढंच विचारलं. पाहुण्यांच्या यादीत तिसरं काही नसतंच. त्यातला चांदबीबी महाल हा मुळात सलाबतखानाचा मकबरा, चांदबीबीचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण नगरात हे सांगत बसलं तर रिक्षा पुढे जायची नाही.

दमडी मशीद किल्ल्यापासून लांब नाही. आकारानं ती लहान आहे, हे आधी सांगून ठेवते, नाहीतर विजापूरची जामा मशीद मनात धरून जाल आणि हिरमुसाल. अंगणात एक वयस्कर गृहस्थ बसले होते. मी दारातच घुटमळले तेव्हा त्यांनीच हाक मारली.

"या ना ताई. चपला तिकडं काढा. फोटो काढायचे तर काढा, नमाजाला अजून वेळ आहे."

मग त्यांनी गोष्ट सांगितली. नगरात कुणालाही विचारा, तीच ऐकायला मिळेल. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी रोजच्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला टाकली आणि त्या पैशातून ही मशीद उभी राहिली. पैशाहूनही लहान नाणं ते, पण मशिदीला नाव त्याचंच चिकटलं.

इतिहासाच्या पुस्तकांत मात्र बांधणाऱ्याचं नाव आहे: साहिरखान, निजामशाहीतला एक सरदार. साल 1567. त्याच्या दोनच वर्षं आधी तालिकोटची लढाई होऊन गेली होती. ती जिंकून आलेला हुसेन निजामशाह त्याच वर्षी वारला, मुलगा मूर्तजा गादीवर आला आणि कारभार त्याच्या आईच्या, खुंजा हुमायूनच्या हातात गेला. पुढे नगरचा किल्ला लढवणारी चांदबीबी ती हिचीच लेक. किल्ल्याचा जुना मातीचा कोट पाडून दगडी तट घालायला हुसेननं 1559 मध्ये सुरुवात केली होती आणि चारेक वर्षांत ते काम उरकलं. म्हणजे मशीद उभी राहिली तेव्हा तटाच्या पाथरवटांच्या हाताला हा दगड चांगलाच सवयीचा झाला असणार. तेच लोक इथे कामाला असतील, असं मला वाटतं. कागद नाही, अंदाज आहे.

अंदाज करावासा वाटतो तो कोरीवकामामुळे. समोर तीन कमानी, वर छज्जा, त्याला तोलणारे दगडी तोडे, आणि वर अंगठीतल्या खड्यासारखे नाजूक मिनार. संगमरवरात किंवा वालुकाश्मात अशी नक्षी काढणं वेगळं. आपला काळा दगड टाकीखाली लवकर नमत नाही. घाव चुकला की कपचीच उडते. एका कमळाजवळ नाक नेऊन पाहिलं. पाकळ्यांच्या कडा अजून स्पष्ट आहेत, आणि सपाटीवर तिरकस ऊन पडलं की टाकीचे बारीक घाव दिसतात. त्या घावांची ओळ एका बाजूला किंचित कलते. उजव्या हाताच्या माणसाची असावी.

आत पश्चिमेच्या भिंतीत मिहराब आहे. नमाजाला तोंड तिकडे करायचं, म्हणून दर्शनी बाजू पूर्वेला; सकाळचं ऊन थेट कमानींतून आत शिरतं. नगरातच रूमीखान या तुर्क तोफ ओतणाऱ्याची मक्का मशीद आहे, हिच्याहून जुनी. मलिक-ए-मैदान तोफ ओतणारा तो हाच. तिथले खांब मक्केहून आणले अशी आख्यायिका. तिथली शोभा आणलेल्या दगडाची, इथली इथल्याच दगडाची. मला विचाराल तर माझं मत दमडीला.

राहिली साहिरखानाची बाजू. खर्च त्यानं केला असेल तर हे बिचाऱ्याच्या नशिबी वाईटच आलं. साडेचारशे वर्षांत त्याचं नाव पुस्तकाबाहेर पडलं नाही. मी अंगणातल्या त्या चाचांना हे बोलून दाखवलं, तर ते हसून म्हणाले, "खानसाहेबांनी पैसा दिला असंल हो. घाम कुणी गाळला, ते पण लिहा."

शिंगणापूरला जाणाऱ्या मंडळींना एवढंच सांगते: घोडेगावहून नगर तासाभरात येतं, परतीची गाडी बहुतेकांना नगरवरूनच पकडायची असते. तासभर काढून ही मशीद बघा. सकाळी जा, दर्शनी भागावर ऊन तेव्हाच असतं. शुक्रवारी दुपारी टाळा, जुम्म्याच्या नमाजाला गर्दी असते. आणि नक्षीला हात लावू नका. चार शतकं पावसानं झिजवलं नाही ते आपल्या बोटांनी झिजायचं.