माझं नाव यांना कुणी सांगितलं?

३ जुलै
आईच्या फोनमध्ये औषधं मागवायचं ॲप टाकून दिलं. 'गूगलने लॉगिन'वर तिने बोट ठेवलं आणि लगेच तिचं नाव, फोटो समोर. "अगं, माझं नाव यांना कुणी सांगितलं?" तूच, म्हटलं, आत्ता.

रात्री झोपताना तोच प्रश्न डोक्यात. पासवर्ड ॲपकडे जात नाही, हे खरं. गूगल फक्त टोकन देतं, ही बाई तीच असा दाखला. सोबत नाव, ईमेल, फोटो. सगळीकडे नातवाची जन्मतारीख पासवर्ड म्हणून घालणाऱ्या आईला यात धोका कमीच. पण आत तिने काय घेतलं ते दिसलं नाही, तरी कुठल्या दुकानाच्या दारात ती कधी आली, हे गूगलला कळतं. नाक्यावरच्या औषधवाल्यालाही तिचा आजार माहीत होता; पण तिची बँक, तिची भजनं, तिची रिक्षा त्याला माहीत नव्हती.

५ जुलै
माझ्या खात्याला काय काय जोडलंय ते पाहिलं. ४१ नावं. त्यात पाळीची नोंद ठेवणारं एक ॲप, दोन वर्षांपूर्वी फोनमधून काढून टाकलेलं. जोडणी मात्र शाबूत! पोटात गोळा आला. जोडणी तोडली, त्यांच्याकडे साठलेलं आपोआप पुसलं जात नाही, म्हणून ते पुसा अशी वेगळी मेल केली.

६ जुलै
उत्तर नाही.

८ जुलै
धाकटा म्हणतो, "ताई, पन्नास पासवर्ड कोण लक्षात ठेवणार?" बरोबर आहे त्याचं. मी त्याला २०१८च्या सप्टेंबरची आठवण करून दिली. फेसबुकमधून पासवर्ड नव्हे, टोकनंच चोरीला गेली, सुमारे ३ कोटी खात्यांची. त्या टोकनांनी दुसरी ॲप्स उघडल्याचा पुरावा सापडला नाही, असं फेसबुकने नंतर सांगितलं. तरी ते आठवडे मला विसरता येत नाहीत. एका किल्लीला किती कुलपं लावली आहेत, हे तेव्हा पहिल्यांदा मोजावंसं वाटलं होतं. मोजली मात्र तीन दिवसांपूर्वी.

११ जुलै
बातम्या, रेसिपी, तिकिटं राहू देत गूगलवर. औषधं, तपासण्या, पैसे यांची खाती वेगळी. माझे पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये. आईचं औषधांचं खातंही नव्याने काढलं, दुसऱ्या ईमेलवर. या वेळी फोटो आला नाही. पासवर्ड तिने स्वतः ठरवला, मला पाठमोरं बसवून, आणि देवघरातल्या वहीत लिहून ठेवला.