आटपाट नगर, मार्गे मळवली

पुण्याहून लोणावळ्याला जाणाऱ्या लोकलमध्ये नऊवारी नेसून, नाकात नथ घालून बसलेल्या बाईचं कोणालाच नवल वाटत नाही. कुठे लग्नकार्याला निघाली असेल, असं समजून लोक सरकून जागा देतात. भाचीकडे मात्र अख्खा डबा वळून वळून पाहत होता, कारण तिच्या मांडीवर पुठ्ठ्याचा, आयाळीसकट रंगवलेला घोड्याचा मुखवटा होता.

तिच्या मित्रमैत्रिणींनी मळवलीला एक बंगला भाड्याने घेतला होता. जुन्या काळातला वेश, गोष्टीतलं पात्र आणि संध्याकाळी नाच, अशी योजना. नवख्यांनी घाबरू नये, पावलं शिकवली जातील, असं निरोपातच स्पष्ट लिहिलेलं. मला बोलावण्याचं कारण एवढंच की घरात न शिवलेली नऊवारी नेसवता येणारी मी एकटीच उरले आहे. "मावशी, तू राणी हो. नावडती झालीस तरी चालेल," असं भाचीने फोनवर सांगितलं आणि मी तयार झाले. कहाण्यांमध्ये सगळी कामं नावडतीच करते, शेवटी राज्यही तिलाच मिळतं.

मळवली स्टेशन लहान आहे. उत्तरेला महामार्गाच्या पलीकडे कार्ला आणि एकवीरा, दक्षिणेला भाजे, त्याच्यामागे लोहगड आणि विसापूर. आम्ही आधी भाज्याला निघालो. द्रुतगती मार्गावरच्या पुलावरून जाताना खालून भरधाव गाड्या सुटत होत्या आणि वर आम्ही दोघी, एक राणी आणि एक घोडतोंडी. पायऱ्या चढताना काष्ट्याचं मोल कळलं. सहावारी असती तर निऱ्या हातात धरून चढावं लागलं असतं.

भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, लहानमोठी मिळून बावीस. पर्यटक मोठ्या चैत्यगृहासमोर फोटो काढतात, आत लाकडी फासळ्या टिकून आहेत त्या बघतात आणि परततात. भाचीला मात्र दक्षिणेच्या टोकाचा विहार बघायचा होता. त्याच्या ओसरीत दाराच्या एका बाजूला चार घोड्यांच्या रथातला पुरुष, सोबत छत्र आणि चवरी धरलेल्या स्त्रिया, चाकांखाली आडवेतिडवे पसरलेले बेढब राक्षस. दुसऱ्या बाजूला प्रचंड हत्ती, त्याने झाडच उपटून सोंडेत धरलंय. गाईड यांना सूर्य आणि इंद्र म्हणतात. काही अभ्यासकांना इथे मांधाता राजाची बौद्ध गोष्ट दिसते, आणि मला हीच बाजू पटते, कारण तशी ती गोष्टच आमच्या कामाची! मांधाता फिरत फिरत उत्तरकुरु नावाच्या देशात पोचतो. तिथल्या झाडांना कपडे लागतात. हवं ते वस्त्र, हवा तो दागिना फांदीवरून काढून घ्यायचा.

हत्तीच्या पायाशी एक चिमुकला दरबार आहे. झाडाखाली बसलेला राजा, पुढे वाद्य वाजवणारी आणि नाचणारी बाई. जवळच घोड्याच्या तोंडाची बाई. "ही माझी," असं म्हणून भाचीने मुखवटा चढवला. जातककथांमध्ये अशा एका यक्षिणीची गोष्ट आहे. ती वाटसरूंना पकडून खाते, पण एका ब्राह्मणावर तिचं मन बसतं, त्याला ती गुहेत कोंडून ठेवते आणि संसार थाटते. पुढे मुलगा मोठा होतो, गुहेच्या तोंडाशी लावलेला धोंडा सरकवतो आणि बापाला घेऊन पळून जातो. गुहेतच अशी गोष्ट आठवली की अंगावर काटा येतो. शेजारच्या कोपऱ्यात तबल्याच्या जोडीसारखं वाद्य वाजवणारी आणि तिच्या तालावर नाचणारी अशी आणखी एक जोडी आहे. या गावात नाच बसवणारे आम्ही काही पहिले नव्हतो.

मी मात्र कपडे बघत होते. सगळ्या शिल्पांमध्ये शिवलेलं असं काही जवळपास नाहीच. कमरेला गुंडाळलेलं वस्त्र, त्यावर जाड मेखला, पायात ढिगाने कडी, पुरुषांच्या डोक्यावर भलंमोठं मुंडासं. समोरच्या डोंगरात, कार्ल्याच्या चैत्याच्या दर्शनी भिंतीवर उभ्या असलेल्या जोडप्यांचाही थाट असाच. त्या चैत्यातले खांब दान करणाऱ्यांत धेनुकाकटचे यवन होते, असं तिथले लेख सांगतात. परदेशी माणसांची ये-जा या भागाला तेव्हापासूनची.

संध्याकाळी बंगल्यावर पोचलो तेव्हा अंगणात निम्मा युरोप उतरला होता. ड्रेपरीवाल्याकडून आणलेले घेरदार झगे, कोणाचा कागदी मुकुट, एक जण बाराबंदी घालून प्रधान झालेला, एक मुलगी शाळेच्या गॅदरिंगमधल्या जिजाऊंच्या वेशात. लंडनला 1897 मध्ये डेव्हनशर हाउसमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवानिमित्त असाच मोठा वेशनाच झाला होता, आणि त्या पाहुण्यांचे स्टुडिओतले फोटो अजून आहेत. ते बघितले की वाटतं, या लोकांना बसता तरी आलं असेल का? इथेही झग्यांची तीच गत होती. कोणाची मागची चेन अर्ध्यावर अडकलेली, कोणाचा घेर दारात मावेना.

नाच मात्र खरंच सोपा होता. दोन रांगा समोरासमोर, शिकवणारी मुलगी पुढची हालचाल ओरडून सांगते, त्याप्रमाणे पुढे यायचं, मागे जायचं, जोडीदार बदलायचा. लेझीम किंवा टिपऱ्या खेळलेल्या माणसाला हे पाच मिनिटांत जमतं. तीन मात्रांचा वॉल्ट्झ सुरू झाला आणि झग्यांवर पाय पडायला लागले. सिंड्रेलाची गोष्ट 1697 मध्ये लिहिणाऱ्या पेरोने काचेच्या बुटाबद्दल लिहिलं, झग्याच्या घेराबद्दल तेवढी काळजी केली नाही. मग एका मुलीने वैतागून झगा काढून ठेवला आणि मला म्हणाली, "मावशी, मला पण नेसवा ना." तिच्यामागे आणखी तिघी आल्या. पिशवीत मी जास्तीची लुगडी ठेवली होतीच. ओचा, निऱ्या, काष्टा, पदर; पिना जेमतेम दोन. त्यानंतर फुगड्या झाल्या, त्या इतक्या जोरात की प्रधानाची पगडी जास्वंदीच्या कुंपणापलीकडे गेली.

नेसवलेल्या कपड्याचं हे मला पुरतं पटलं आहे. जाड, बारीक, उंच, बुटकी, कोणालाही बसतं, मापाचा प्रश्नच नाही. आणि पहिल्यांदा ऐतिहासिक वेश करणाऱ्याला सगळ्यात मोठी धास्ती मापाची आणि शिवणाची असते. शिवून मिळणारी नऊवारी मला रुचत नाही. ती पँटसारखी पायात घालायची असते, मग पँटच घालावी.

जेवण भाज्यातल्या दोन काकूंनी केलं होतं: पिठलं, भाकरी, ठेचा आणि इंद्रायणीचा भात. हा तांदूळ इथूनच जवळ, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातला, 1987 मधला. काकूंनी आमचे वेश न्याहाळले, घोड्याच्या तोंडाला हसल्या आणि माझ्या काष्ट्याकडे बघून "घट्ट नेसल्यात तुम्ही" एवढीच दाद दिली. सिंड्रेलाची मुदत बारापर्यंत होती. आम्हाला शेवटच्या लोकलच्या हिशेबाने त्याच्या आधीच उठावं लागलं.

तुम्हाला असा मेळा करायचा असेल तर मळवलीच निवडा, आणि भाज्याला दुपारी तीननंतर जा. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्या वेळी कोरीव काम उजळतं आणि कपड्यांच्या चुण्यासुद्धा मोजता येतात. ड्रेपरीवाल्याला द्यायचे पैसे वाचवा. घरातलं जुनं लुगडं घ्या, नेसवणारी मावशी सोबत न्या.