चौदा दारांच्या घरातला प्राध्यापक

बी. ए. च्या मानसशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत विल्यम जेम्स येतो तो टिपेपुरता. ‘जेम्स-लांगे उपपत्ती थोडक्यात लिहा’, नाहीतर ‘संज्ञाप्रवाह म्हणजे काय?’ विद्यार्थी रानातल्या अस्वलाची गोष्ट लिहितात, माणूस भितो म्हणून पळत नाही, पळतो म्हणून भितो असे ठणकावून सांगतात आणि पाचापैकी तीन गुण पदरात पाडून घेतात. विद्यार्थिदशेत मीही याहून अधिक काही केले नाही. पुढे हाच विषय शिकवू लागलो, जेम्सची पत्रे आणि चरित्रे वाचनात आली, आणि अस्वलामागचा माणूस दिसला. आता इतक्या वर्षांचा परिचय झाला आहे की मी त्याचा एकेरी उल्लेख करतो. वाचकांनी राग मानू नये.

जेम्सचा जन्म १८४२ चा, न्यूयॉर्कचा. आधी चित्रकार व्हायला निघाला, ते सोडून रसायनशास्त्राकडे वळला, मग वैद्यकाकडे. मध्येच एका शास्त्रीय मोहिमेबरोबर ॲमेझॉनच्या खोऱ्यात जाऊन आजारी पडला. १८६९ साली हार्वर्डची वैद्यकाची पदवी मिळवली, पण एक दिवसही दवाखाना थाटला नाही. आपल्याकडे असा मुलगा असता तर ‘याचं कशातच धड नाही’ असे म्हणून शेजारपाजारच्यांनी त्याच्या वडिलांना भंडावून सोडले असते.

आणि खरोखरच त्याचे धड नव्हते. पाठीचे दुखणे, डोळ्यांचे दुखणे आणि या सगळ्याहून जड असे मनाचे दुखणे. जगण्यात अर्थ नाही, आपली इच्छा म्हणजे निव्वळ यंत्राची हालचाल, या विचाराने त्याला ग्रासले होते. १८७० च्या एप्रिलअखेर रनूव्हिये या फ्रेंच तत्त्वज्ञाचे लेखन वाचल्यावर त्याने रोजनिशीत नोंद केली, की आपल्या इच्छास्वातंत्र्याचे पहिले कृत्य म्हणून आपण इच्छास्वातंत्र्यावर विश्वास ठेवायचे ठरवीत आहोत. पुष्कळ पुस्तकांत ही नोंद जादूच्या कांडीसारखी दाखवतात. ते मला पटत नाही. त्यानंतरही तो कितीतरी वेळा खचला. फरक एवढाच, की खचल्यावर काय करायचे हे आता त्याला ठाऊक झाले होते.

१८७५ साली त्याने हार्वर्डमध्ये मानसशास्त्र शिकवायला सुरुवात केली. या विषयावरचे आपण ऐकलेले पहिले व्याख्यान म्हणजे आपण स्वतः दिलेले पहिले व्याख्यान, असे तो गमतीने म्हणे. तीन वर्षांनी, १८७८ मध्ये, दोन करार झाले. एक हेन्री होल्ट या प्रकाशकाशी, मानसशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहून देण्याचा. दुसरा ॲलिस गिबन्स या शाळाशिक्षिकेशी, विवाहाचा. लग्नानंतर नवराबायको डोंगरात राहायला गेली ती पुस्तक बरोबर घेऊनच. तो सांगे आणि ॲलिस उतरून घेई. प्रकाशकाला पुस्तक वर्षात हवे होते, याने दोन वर्षे मागून घेतली आणि लावली बारा. १८९० साली ‘प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ दोन खंडांत बाहेर पडले, जवळजवळ चौदाशे पानांचे. दोन वर्षांनी त्याची संक्षिप्त आवृत्ती निघाली. विद्यार्थ्यांनी थोरल्या ग्रंथाला ‘जेम्स’ आणि धाकट्याला ‘जिमी’ अशी नावे ठेवली. विद्यार्थी सगळीकडचे सारखेच!

ही बारा वर्षे आळसात गेली असे कोणाला वाटेल. पण या काळात त्या घरात चार मुले जन्मली. १८८२ या एकाच वर्षात त्याचे आई आणि वडील दोघेही गेले. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा हा युरोपात होता. घरी ॲलिस दोन लहान मुलांसह, त्यांतले धाकटे तर काही महिन्यांचे. हे मला आवडत नाही आणि झाकून ठेवावेसेही वाटत नाही. घर अंगावर आले की युरोपला निघून जाण्याची त्याला खोडच होती. तिथून त्याने वडिलांना निरोपाचे पत्र लिहिले. ते पोचेपर्यंत वडील गेलेले होते. धाकट्या भावाने, म्हणजे प्रसिद्ध कादंबरीकार हेन्री जेम्सने, ते थडग्याशी उभे राहून मोठ्याने वाचले.

पुढे १८८५ च्या जुलैत दीड वर्षाचा हर्मन डांग्या खोकल्याने आणि मागोमाग आलेल्या न्यूमोनियाने दगावला. त्याच वर्षी नवराबायको बॉस्टनमधल्या पायपरबाई नावाच्या, मृतांशी बोलणाऱ्या माध्यमाकडे जाऊ लागली. प्रयोगशाळेत बसणाऱ्या माणसाने असल्या नादी लागावे म्हणून सहकारी हसत. हसू येणे मला समजते, पण मूल गमावलेल्या आईबापांना मी हसू शकत नाही. जेम्सने त्या विषयाचा पंचवीस वर्षे पाठपुरावा केला आणि शेवटी, १९०९ साली, आपण होतो तिथेच आहोत हे मोकळेपणाने लिहून टाकले.

चोकोरुआ इथे, न्यू हॅम्पशरच्या डोंगराळ भागात, त्याने उन्हाळ्यासाठी एक घर घेतले होते. त्याला चौदा दारे आहेत आणि सगळी बाहेर उघडतात, असे त्याने बहिणीला कौतुकाने कळवले होते. वर्गातही त्याची दारे अशीच होती. १८९० साली मेरी कॉल्किन्स ही तरुण अध्यापिका त्याच्या वर्गात बसू लागली. हार्वर्डने तिला रीतसर विद्यार्थिनी म्हणून घेतले नव्हते. वर्गातल्या इतर चौघा पुरुषांनी तो अभ्यासक्रम सोडला. मग वाचनालयातल्या शेगडीच्या एका बाजूला जेम्स आणि दुसऱ्या बाजूला कॉल्किन्स, मध्ये नुकताच छापून आलेला ग्रंथ, असा वर्ग चालला. एका विद्यार्थिनीसाठी! पटसंख्या भरत नाही म्हणून विषय बंद पडताना मी पाहिले आहेत, म्हणून हा वर्ग माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. १८९५ मध्ये तिने डॉक्टरेटची परीक्षा उत्तम रीतीने दिली आणि जेम्सने तिची मनापासून वाखाणणी केली, तरी विद्यापीठाने तिला पदवी दिली नाही. १९०५ साली हीच बाई अमेरिकेच्या मानसशास्त्र संघटनेची पहिली स्त्री अध्यक्ष झाली.

आता थोडे घरचे सांगतो. गेल्या वर्षी माझी मुलगी शिकायला दूरच्या शहरात गेली. दोन महिन्यांनी रात्री अकराच्या सुमारास तिचा फोन आला. ‘काही झालं नाही बाबा, तुम्ही घाबरू नका. नुसतं मन लागत नाही.’ एवढी वर्षे मानसशास्त्र शिकवणाऱ्या बापाला त्या क्षणी एकही उपपत्ती आठवली नाही. आठवले ते पेगीचे पत्र. १९०० साली जेम्स हृदयाच्या दुखण्यावर उपचार घेत जर्मनीत होता आणि तेरा वर्षांची पेगी इंग्लंडमध्ये परक्या कुटुंबात एकटी पडली होती. बापाने तिला लिहिले, की असे उदास दिवस तुझ्या वयात येतातच, ते तू एकटीनेच भोगतेस असे मानू नकोस. या दुखण्यात माणूस सारखा स्वतःचाच विचार करतो, म्हणून दुसऱ्यांकडे लक्ष लावून बघ.

मी तिला तेवढे मराठीत सांगितले. ती म्हणाली, ‘सांगायला सोपं आहे. त्याला स्वतःला कधी असं झालं होतं का?’ मग मी १८७० ची गोष्ट सांगितली, रोजनिशीची आणि त्यानंतरही खचण्याची. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे त्यालाही लगेच जमलं नाही तर.’ पत्राने आजार बरे होत नसतात. दुसऱ्या दिवशी तिच्या कॉलेजातल्या समुपदेशकांकडे ती गेली, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. पण आधी बोलायला सुरुवात व्हावी लागते आणि ती त्या रात्री झाली.

आपल्या गावाचाही या माणसाशी एक दूरचा धागा आहे. १८९२ च्या ऑक्टोबरात बेळगावात मुक्काम करून गेलेले स्वामी विवेकानंद १८९६ साली हार्वर्डमध्ये व्याख्यान द्यायला गेले. त्यांचा आणि जेम्सचा परिचय झाला. अद्वैताने मनाला मोठी विश्रांती मिळते हे जेम्सने मान्य केले, पण जग एकाच सूत्रात गोवता येते हे त्याला पटले नाही. १९०७ च्या ‘प्रॅग्मॅटिझम’मध्ये त्याने विवेकानंदांचे विचार मांडून आपला मतभेद स्पष्ट नोंदवला आहे. आदर राखून वाद कसा घालावा, हे वादविवाद मंडळाच्या सभासदांनी तिथे जरूर पाहावे.

१९१० च्या उन्हाळ्यात युरोपातून परतला तो थेट चोकोरुआला. हृदय थकले होते. २६ ऑगस्टला तो ॲलिसच्या मिठीतच गेला. हेन्रीची वेळ येईल तेव्हा त्याच्याजवळ जा, असे त्याने तिला सांगून ठेवले होते. १९१५ च्या डिसेंबरात हेन्रीला पक्षाघाताचा झटका आला. महायुद्ध पेटलेले, समुद्र धोक्याचा. साठी उलटलेली ॲलिस बोटीत बसून इंग्लंडला गेली आणि १९१६ च्या फेब्रुवारीत हेन्रीने डोळे मिटले तोवर त्याच्या उशाशी राहिली. त्याची रक्षा तिने अमेरिकेत आणली आणि केंब्रिजच्या दफनभूमीत जेम्स कुटुंबाच्या जागेत ठेवली.