उघडणं स्प्रिंगचं, मिटणं आपलं

सॅन होजे,
रविवार

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले तिन्ही फोटो नीट पाहिले. तिसऱ्यातला, मुठीच्या तोंडातून सरळ पुढे पातं निघणारा, तो आधी मनातून काढून टाक. त्याचं कारण पुढे सांगतो. बाकीचे दोन विचार करण्यासारखे आहेत.

रोज खिशात राहील असा, छोटा आणि बटण दाबताच उघडणारा चाकू हवा, एवढंच तू लिहिलंस. अपघातानंतर तुझा डावा हात पूर्वीसारखा वळत नाही, त्यामुळे त्यामागचं कारण मला वेगळं विचारावं लागलं नाही. नर्सरीत कुंडी डाव्या कोपरात आवळून धरायची आणि उजव्या हाताने ठिबकची नळी कापायची, सुतळी तोडायची, खताच्या पोत्याची शिवण उसवायची. अशा वेळी नखाने पातं उपसायला दुसरा हात आणायचा कुठून? विळीवर बसलेल्या बाईचे दोन्ही हात मोकळे असतात, कारण विळी पायाखाली दाबलेली असते. खिशातल्या चाकूला तशी सोय नाही, तो एका हाताने चालला पाहिजे.

अक्काचा फोन आला होता. पोरीच्या खिशात रामपुरी कशाला, असं तिचं म्हणणं. तिला दोष देऊ नकोस. पडद्यावर खटक्याचा आवाज झाला की पुढे काय होणार हे आपल्या दोन पिढ्यांना पाठ आहे. अमेरिकेतही हेच घडलं. १८९० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात जॉर्ज श्राडे नावाच्या कारागिराने बटणाच्या चाकूचं पेटंट घेतलं, तेव्हा तो साधा कामाचा चाकू होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन छत्रीधारी सैनिकांना असाच चाकू दिला जाई. झाडात अडकून लोंबकळणाऱ्या माणसाचा एकच हात मोकळा असतो आणि त्याच हाताने त्याला छत्रीच्या दोऱ्या कापायच्या असतात. मग १९५० मध्ये ‘वूमन्स होम कंपॅनियन’ मासिकात हे खेळणं जीव घेतं अशा मथळ्याचा लेख आला, पाठोपाठ टोळक्यांतल्या पोरांचे सिनेमे आले आणि १९५८ मध्ये वॉशिंग्टनने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारा त्याचा व्यापारच बंद केला. 

अक्काने ‘एक रुका हुआ फैसला’ पाहिलेला आहे. तिला त्यातला टेबलावर ठेवलेला चाकू आठवायला सांग. तो ज्या अमेरिकन चित्रपटावरून घेतला, त्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मध्ये एक पंच उठतो आणि असा चाकू हातात उघडला की तो कसा धरला जातो, वार वरून होतो की खालून, हे करून दाखवतो. यंत्राची रचना नीट समजून घेतल्याने एका पोराचा देहदंड टळायला मदत होते. माझं सगळं आयुष्य टूलरूममध्ये गेलं, त्यामुळे तो प्रसंग मला फार जवळचा वाटतो.

त्या १९५८ च्या कायद्यात एक अपवाद आहे. ज्याला एकच हात आहे, त्याने तीन इंच किंवा त्याहून लहान पात्याचा असा चाकू जवळ बाळगला तर केंद्राचा हा कायदा आड येत नाही. भीतीच्या भरात लिहिलेल्या कायद्यातही कुणीतरी बसून, एकहाती माणूस दोरी कशी कापेल याचा विचार केला, याचं मला मोल वाटतं. पण हा अपवाद तुझ्या कामाचा नाही. शब्द ‘एकच हात’ असे आहेत आणि तुला दोन आहेत, एक थकलेला असला तरी. तुला पाहायचा आहे तो कॅलिफोर्नियाचा नियम. पातं दोन इंच किंवा त्याहून मोठं असेल तर बटणाचा चाकू अंगावर बाळगणं, सार्वजनिक जागी गाडीत चालकाच्या किंवा प्रवाशांच्या जागेत ठेवणं, विकणं, कुणाला देणं, सगळं गुन्हा. दोन इंच भरलं तरी गुन्हा, हे लक्षात ठेव. म्हणूनच कारखानदार इथल्यासाठी १.९ इंचांचं पातं काढतात. दुकानात पट्टी मागून स्वतः मोज.

आता मुख्य मुद्दा. दुकानदार तुला चाकू उघडून दाखवेल. बटण दाबेल, टक्‌ आवाज होईल आणि डोळे दिपतील. तू तिकडे फार लक्ष देऊ नकोस. उघडण्याचं काम स्प्रिंग करते आणि ते ती सगळ्याच चांगल्या चाकूंत करते. मिटण्याचं काम तुझं आहे. तिथे स्प्रिंग तुझ्या विरुद्ध उभी असते. म्हणून चाकू मिटवून पाहा. एकाच हाताने, उजव्याच, आणि शक्यतो तुझा कामाचा हातमोजा घालून.

आत काय आहे ते सांगतो. पात्याच्या मुळाशी, खिळ्याभोवती गुंडाळलेली स्प्रिंग असते आणि चाकू मिटलेला असतो तेव्हा ती पात्याला सतत बाहेर ढकलत असते. पातं थांबतं ते फक्त बटणाच्या दांड्यामुळे. पात्याच्या बुडाला एक खाच असते, दांडा तिच्यात बसतो. बटण दाबलं की दांड्याचा बारीक भाग खाचेसमोर येतो आणि पातं सुटतं. उघडल्यावर तोच दांडा दुसऱ्या खाचेत बसतो आणि पातं पक्कं होतं. म्हणजे कुलूपही तेच आणि पहाराही तोच. मिटवताना अंगठ्याने बटण दाबून धरायचं, तर्जनीने पात्याची पाठ आत ढकलायची आणि बाकीची बोटं धारेच्या वाटेतून बाजूला ठेवायची. पातं खाचेत बसेपर्यंत तर्जनी सोडायची नाही, नाहीतर ते उसळून परत बाहेर येतं.

इथे दोन इंचांच्या नियमाचा एक त्रास आहे आणि तो कुठलाही विक्रेता सांगत नाही. पातं आखूड म्हणजे तरफ आखूड. स्प्रिंग तेवढ्याच जोराची असेल तर तीन इंची पातं मिटवायला कमी बळ लागतं आणि दोन इंचीला जास्त. बोटांना जागाही कमी. म्हणून नावापेक्षा हाताची परीक्षा मोठी. तर्जनीला जड जात असेल तर पात्याची पाठ मांडीवर किंवा टेबलाच्या कडेवर टेकवून मिटवता येतं, तेही करून पाहा. तेही कष्टाचं वाटलं तर तो चाकू कितीही सुंदर असो, परत ठेव. दिवसाअखेर दमलेल्या हाताने तो मिटवायचा आहे.

तुझ्या तिसऱ्या फोटोतला चाकू मिटवण्यात सगळ्यांत सोपा, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. अंगठ्याने सरकपट्टी पुढे ढकलली की पातं बाहेर, मागे ओढली की आत, दुसरं बोट लागत नाही. तू कचेरीत बसून पाकिटं फोडणारी असतीस तर मी तोच घे म्हटलं असतं. पण त्याचं तोंड कायम उघडं असतं. कोकोपीट, परलाइटचे कण, मातीची धूळ त्या फटीतून आत जाते. मग पातं वाटेतच अडकतं, पूर्ण जागेवर बसत नाही आणि सैल पडलेलं पातं चिमटीत धरून ओढावं लागतं. म्हणजे नेमका तोच हात लागतो, जो वाचवण्यासाठी तू हा चाकू घेते आहेस. शिवाय त्या जातीत पात्याला थोडा हलता खेळ असतोच, रचनाच तशी आहे. बाजूने उघडणारा घे.

बाजूने उघडणाऱ्यांत कर्शॉचा ‘लाँच ४’ पाहा. पातं १.९ इंचांचं, मूठ ॲल्युमिनियमची, अमेरिकेतच तयार होतो. कॅलिफोर्नियातल्याच प्रो-टेक कंपनीचा ‘रंट’ही पाहा, तोही दोन इंचांच्या आत बसतो. त्याचं फिटिंग मला जास्त आवडतं, किंमतही जास्त आहे. या लहान चाकूंवर बऱ्याचदा वेगळी सेफ्टी नसते, म्हणून बटण मुठीच्या पृष्ठभागाच्या थोडं आत आहे ना हे बोट फिरवून बघ. वर आलेलं बटण खिशात किल्ल्यांच्या दाबाने सुटू शकतं. मिटलेला चाकू तळहातावर चांगला दोन-चारदा आपट. सुटला तर खाच कच्ची आहे. क्लिप अशी असू दे की खिशात पात्याचं टोक वर राहील आणि पात्याची पाठ खिशाच्या मागच्या शिवणीला टेकेल, म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं तरी पात्याला उघडायला जागा मिळत नाही.

पोलादाबद्दल तू विचारलं नाहीस, पण मला राहवत नाही. तुझ्या कामात खताचे क्षार आणि ओल रोजची. डी-२ नावाचं पोलाद धार छान धरतं, त्यात क्रोमियमही बाराएक टक्के असतं, पण त्यातलं बरंच कार्बनशी बांधलं जातं आणि गंज रोखायला कमी उरतं. आठवडाभरात त्यावर तांबूस ठिपके दिसू लागतील. सीपीएम-१५४ मध्ये क्रोमियम चौदा टक्के असतं, ते घे. लॅरिन थॉमस या धातुतज्ज्ञाने २०२१ मध्ये मॅग्नाकट नावाचं पोलाद आणलं. त्यात क्रोमियम अकरा टक्क्यांहूनही कमी, पण ते कार्बनमध्ये अडकत नाही, सगळं गंजाशी लढायला मोकळं राहतं. ही फार देखणी कल्पना आहे आणि तिच्याबद्दल मी तुला पानंच्या पानं लिहू शकेन. दोन इंचांच्या चाकूसाठी तेवढे जास्त पैसे घालायची मात्र गरज नाही.

रोगट रोपावरून चांगल्या रोपावर जाताना तुम्ही पातं अल्कोहोलने पुसता, ते चालू ठेव. फक्त ते खिळ्यात उतरलं की तिथलं तेल धुऊन नेतं आणि खटका मंदावतो. संध्याकाळी सुकवून खिळ्यावर तेलाचा एक थेंब टाक. जास्त नको, जास्त तेल धूळ धरतं. झाडाचा चीक पात्याच्या बुडाशी वाळून बसला तर तो आधी काढ, कारण दांड्याची खाच तिथेच आहे. कलम बांधण्यासाठी मात्र हा चाकू वापरू नकोस. त्याचा तो एका बाजूने घासलेला सुरा वेगळा असतो आणि तो वेगळाच ठेवायचा.

तुला खरोखर बटणच हवं का, हाही प्रश्न मी स्वतःला विचारला. कोलोरॅडोच्या स्पायडरकोने १९८१ मध्ये पात्याला गोल भोक पाडून अंगठ्याने उघडणारा चाकू काढला आणि एका हाताची सोय स्प्रिंगशिवाय करून दाखवली. तो मिटवायला हलका, दोन इंचांची अटही त्याला लागत नाही. पण जाड, ओल्या हातमोज्यात अंगठा त्या भोकात बसत नाही, घसरतो. तुझं पाऊण काम हातमोज्यात चालतं, म्हणून मी बटणाच्या बाजूने आहे. उद्या हातमोजे सुटले तर तो चाकू अधिक चांगला.

आणखी एक. मुलाला शाळेतून आणायला जातेस तेव्हा चाकू नर्सरीच्या कपाटात ठेवून जा. उघडल्यावर पातं पक्कं बसणारा घडीचा कोणताही चाकू इथल्या शाळेच्या आवारात चालत नाही, पातं केवढंही असो. आणि ओरेगनला रोपं पोचवायला जाल तेव्हा तो घरी राहू दे. कर्शॉ आणि बेंचमेड दोन्ही कंपन्या तिथल्याच, तिथे असा चाकू घरी ठेवता येतो. पण स्प्रिंगने उघडणारा चाकू लपवून अंगावर बाळगणं तिथे गुन्हा आहे आणि खिशातला चाकू लपवलेलाच धरला जाऊ शकतो.

शनिवारी दुकानात जा, सकाळी, घाई नसताना. निवडलास की मला फोन कर. बटणाजवळची खाच कशी दिसते ते फोटो काढून पाठव, मी सांगेन घ्यायचा की नाही.

तुझा,
मामा

ता. क. जानेवारीत पुण्याला येताना तो बरोबर आणू नकोस. सामानाच्या बॅगेतूनही नको. तुझं तिकीट दिल्लीमार्गे आहे. १९८० च्या अधिसूचनेप्रमाणे दिल्लीत ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा त्याहून मोठ्या पात्याचे बटणाचे चाकू शस्त्र कायद्याखाली येतात. तुझं पातं त्याहून लहान आहे, पण रात्री दोन वाजता तिथल्या हवालदाराला हे पटवून देण्याची वेळ तुझ्यावर यावी असं मला वाटत नाही. अक्काकडे विळी आहे, तुझं भागेल.