दिसेनासे झालेले आणि नाहीसे झालेले

जुन्या पेढ्यांवर एखादी वही जागेवर नसली की दिवाणजी दोन प्रश्न विचारीत : वही हरवली आहे, की सापडत नाही? ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटत. पण दोहोंवरचे उपाय निराळे असत. सापडत नसेल तर प्रत्येक खण, प्रत्येक बासन धीराने उलगडून पाहायचे. हरवलीच असेल तर पावत्या, चिठ्ठ्या आणि देणेकऱ्यांच्या तोंडचे आकडे घेऊन ती पुन्हा लिहायला बसायचे. पहिल्या प्रसंगी दुसरा उपाय करणे व्यर्थ, आणि दुसऱ्या प्रसंगी पहिला उपाय करीत बसणे म्हणजे कालहरण. पेढीची वही संगणकात गेली तरी हा भेद तसाच राहिला आहे. तो न ओळखल्यामुळे व्हायरसने केले नसेल एवढे नुकसान त्यानंतरच्या साफसफाईत घरच्याच माणसांच्या हातून होते.

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी भांड्यांची घाऊक विक्री करणारी एक पेढी आहे. अण्णांनी ती वाढवली. आता व्यवहार थोरले चिरंजीव, म्हणजे सर्वांचे दादा, पाहतात. आठ वर्षांची खतावणी, दरपत्रके आणि दोन वर्षांपूर्वी निवर्तलेल्या आईंची सारी छायाचित्रे एका बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर ठेवलेली. पूर्वी अण्णा रोजकीर्द बगलेत घेऊन घरी येत, तशी ती डिस्क रोज संध्याकाळी दादांच्या पिशवीतून घरी येई. बॅकअप नियमित घेतला जाई. परंतु तो त्याच डिस्कवर. कुलूप आणि किल्ली एकाच पेटीत ठेवल्यासारखा हा बंदोबस्त होता.

जानेवारीच्या अखेरीस दरपत्रक छापण्यासाठी झेरॉक्सच्या दुकानात नेलेला पेनड्राइव्ह परत येऊन पेढीवरच्या संगणकाला लागला. दुसऱ्या दिवशी डिस्कवरच्या प्रत्येक फोल्डरच्या चित्रावर कोपऱ्यात लहानसा बाण दिसू लागला. क्लिक केल्यावर फोल्डर उघडत होते, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. दोन दिवसांनी अँटिव्हायरसने सूचना दिली, धोके आढळले आणि काढून टाकले. घरात हायसे वाटले. मग दादांनी डिस्क उघडली, तर ती कोरी होती. खतावणी नाही, दरपत्रके नाहीत, आईंचे एकही छायाचित्र नाही.

दुरुस्तीला आलेल्या मुलाने तत्परतेने सांगितले, ‘‘डिस्क फॉरमॅट करून देतो, म्हणजे व्हायरसचे मूळच राहणार नाही.’’ दादा होकार देणारच होते. वहिनी लग्नापूर्वी वाणिज्य शाखेच्या पदवीधर झालेल्या. त्यांनी डिस्कचे गुणधर्म दाखवणारी चौकट उघडली. पाचशे जीबीपैकी दोनशे बारा जीबी जागा व्यापलेली होती. त्या म्हणाल्या, ‘‘अहो, रिकाम्या पेटीचे वजन एवढे कसे?’’ त्या एका प्रश्नाने पेढी वाचली.

या जातीच्या उपद्रवाला बोलीभाषेत ‘शॉर्टकट व्हायरस’ म्हणतात. तो मूळ फोल्डर पुसत नाही. प्रत्येक फाइलला विंडोजमध्ये काही खुणा लावता येतात. त्यांपैकी ‘लपवलेली’ आणि ‘संगणकप्रणालीची’ अशा दोन खुणा लावून तो मूळ फोल्डर नजरेआड करतो आणि त्याच नावाचा तोतया शॉर्टकट पुढे ठेवतो. तोतयावर क्लिक केले की आधी व्हायरस चालतो आणि नंतर खरा फोल्डर उघडतो. त्यामुळे संशय येत नाही. अँटिव्हायरस आपले काम करतो, म्हणजे चोर आणि तोतया दोघांनाही हाकलतो. परंतु चोराने मालावर टाकलेली चादर काढणे तो आपले काम समजेलच असे नाही. म्हणून आजार बरा झाल्यावरच घर रिकामे दिसू लागते.

उपाय त्यामानाने सोपा आहे. फाइल एक्सप्लोररच्या पर्यायांत लपवलेल्या फाइली दाखवण्याची खूण करायची आणि प्रणालीच्या संरक्षित फाइली लपवण्याची खूण काढायची. दोन्ही गोष्टी केल्या पाहिजेत. नुसती पहिली केल्यास हे फोल्डर दिसत नाहीत. वहिनींनी तसे करताच फिकट रंगातील फोल्डर पडद्यावर उमटले. पुढे कमांड प्रॉम्प्टवर ‘अॅट्रिब’ ही आज्ञा देऊन एच, एस आणि आर या खुणा उणे चिन्ह लावून एकदमच उतरवायच्या असतात. ‘प्रणालीची’ खूण कायम ठेवून नुसती ‘लपवलेली’ काढू गेल्यास आज्ञा मानली जात नाही. आतले फोल्डरही मोकळे व्हावेत म्हणून तिरप्या रेषेसह एस आणि डी ही अक्षरे शेवटी जोडतात. काही प्रकारांत व्हायरस सर्व सामान ज्याचे नावच दिसत नाही अशा एका फोल्डरात कोंबतो. डिस्कवर नुसते निनावी चित्र दिसले, तर ते कचरा समजून पुसू नये.

टॅलीची खतावणी शोधताना मात्र वेळ गेला. टॅली प्रत्येक कंपनीचा हिशेब तिच्या नावाने ठेवत नाही, आकडी नावाच्या फोल्डरात ठेवते. पेढीच्या नावाने शोध घेणाऱ्याला ते सापडत नाही. अशा वेळी घाईने जुना बॅकअप त्याच जागी उतरवला, तर नंतरचे लिखाण झाकले जाण्याचा धोका असतो. तो निराळ्या फोल्डरात उतरवून आधी तेरीज जुळते का ते पाहावे. पेढीला त्याची गरज पडली नाही. आठही वर्षांचे हिशेब जसेच्या तसे होते, आणि छायाचित्रेही. आईंचा स्वयंपाकघरातला फोटो उघडला तेव्हा अण्णा काही न बोलता उठून आत गेले.

दिसेनासे झालेले आणि नाहीसे झालेले यांतला भेद जगाला सन २००० मध्येच कळला होता. त्या वर्षीच्या मे महिन्यात फिलिपाइन्समधून ‘आय लव्ह यू’ नावाचा किडा ईमेलद्वारे पसरला. त्याने छायाचित्रांच्या जेपेग फाइलींवर स्वतःचा मजकूर लिहिला, त्यामुळे ती गेली; गाण्यांच्या एमपीथ्री फाइली मात्र त्याने केवळ लपवल्या, म्हणून त्या परत मिळू शकल्या. पुढे २०१०-११च्या सुमारास डिस्क बिघडल्याची खोटी भीती घालून दुरुस्तीचे पैसे मागणारे बनावट प्रोग्राम आले. त्यांनीही फाइली लपवल्या आणि स्टार्ट मेनूतील शॉर्टकट तात्पुरत्या फाइलींच्या जागी नेऊन ठेवले. ज्यांनी उत्साहाने प्रथम तात्पुरत्या फाइली साफ केल्या, त्यांचे शॉर्टकट कायमचे गेले.

अशाच उत्साहाचा फटका या पेढीलाही बसला. धाकट्या चिरंजीवांनी पेढीवरच्या संगणकात जांगड मालाचा एक तक्ता एक्सेलमध्ये ठेवला होता. लग्नसराईसाठी खेड्यांतील दुकानदार पसंतीवर भांडी नेत. विकली तेवढ्यांचे बिल होई, उरलेली परत येत. कोणी किती परत केली, याची नोंद त्या एका तक्त्यातच होती. व्हायरसच्या धास्तीने त्यांनी संशयास्पद वाटलेल्या फाइली पुसल्या, रीसायकल बिनही रिकामे केले. त्यांत तो तक्ता गेला. लक्षात आल्यावर त्याच संगणकावर फाइली परत मिळवून देणारे तीन-चार प्रोग्राम उतरवून घेतले.

येथे दुसरे शास्त्र लागू होते. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर फाइल पुसली म्हणजे अनुक्रमणिकेतील नोंद सुटते आणि जागा मोकळी धरली जाते. मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत राहतो. म्हणून अशा डिस्कचा वापर तत्काळ थांबवावा, ती दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि मिळालेल्या फाइली तिसऱ्याच जागी उतरवाव्यात. ‘फोटोरेक’सारखा मोफत प्रोग्राम किंवा मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये दिलेले ‘विंडोज फाइल रिकव्हरी’ हे काम करते. फोटोरेकने आणलेल्या फाइलींची मूळ नावे मात्र बहुधा उरत नाहीत. पेढीवरचा संगणक नवा होता, त्यात एसएसडी होती. तीत ‘ट्रिम’ नावाच्या व्यवस्थेमुळे पुसलेली जागा यंत्र स्वतःच लवकर रिकामी करते. तक्ता मिळाला नाही.

फाइल अँटिव्हायरसने काढली असती, तर एक आशा होती. अँटिव्हायरस पुष्कळदा संशयित फाइल नष्ट न करता ‘क्वारंटाइन’मध्ये अडकवून ठेवतो, तेथील यादी पाहून, फाइल निर्दोष असल्याची खात्री करून ती सोडवता येते. आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा रॅन्समवेअर असता, तर सारेच अवघड होते. तेथे खुणा उतरवून काही होत नाही, आणि पैसे भरूनही किल्ली मिळेल याची हमी नसते. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी जुलै २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात काही प्रकारांच्या किल्ल्या विनामूल्य मिळतात. म्हणून कुलूपबंद फाइली फेकू नयेत, बाजूला जपून ठेवाव्यात.

तक्ता हरवला होता. आता तो पुन्हा लिहिणे प्राप्त होते. दादांचे म्हणणे, तक्ता गेल्याचे बाजारात कळू देऊ नये. चलने पाहून अंदाजाने आकडे सांगावेत. अण्णांनी ते मानले नाही. ‘‘अंदाजाचा आकडा एका दुकानदाराला जरी जास्त निघाला, तरी आपल्या आठ वर्षांच्या वहीवरचा त्याचा विश्वास जाईल. गेले ते गेले म्हणून सांग आणि त्याची चिठ्ठी मागून घे.’’

मग हिशेब मांडला गेला. चलनांच्या कार्बन प्रतींनुसार बिल न झालेले १,५६० नग जांगड गेले होते. टॅलीतील पुस्तकी शिल्लक आणि गोदामातील प्रत्यक्ष मोजदाद यांतील फरक १,१४८ नगांचा आला. म्हणजे ४१२ नग परत आले असले पाहिजेत. दुकानदारांच्या चिठ्ठ्यांची बेरीज केली, तर त्यांनी परत केलेले नग भरले ४२९. सतरा नगांचा मेळ बसेना. दादांचा दोन दुकानदारांवर संशय होता. त्यांची नावेही त्यांनी घेतली. अण्णा म्हणाले, ‘‘पुरावा नसताना कोणाच्या नावे लिहायचे नाही. उचंत खात्यात टाक.’’

मार्चच्या अखेरीस शिलकी मालाची मोजदाद चालू असताना माळ्यावर एका पोत्यात बारा नग मिळाले. परत आलेला माल हमालाने घाईत तेथे टाकला होता आणि जानेवारीच्या मोजदादीत तो सुटला होता. संशय असलेल्या दुकानदारांपैकी एकाची खूण त्यांतल्या नऊ नगांवर होती. दादांनी ते पोते स्वतः खाली उतरवले.

आता पेढीच्या हिशेबाच्या तीन प्रती असतात : एक कामाच्या संगणकावर, एक डिस्कवर, आणि तिसरी पुण्याला लेकीच्या घरी. डिस्क प्रत घेण्यापुरतीच जोडली जाते, कारण जोडलेली डिस्क व्हायरसलाही तितकीच जवळ असते. महिन्यातून एकदा प्रतीतून एखादी फाइल उघडून पाहिली जाते. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे. बाहेरचा पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय उघडायचा नाही, आणि काही दिसेनासे झालेच तर आधी डिस्कची व्यापलेली जागा पाहायची, तोवर काहीही पुसायचे नाही, असे वहिनींनी मराठीत लिहून संगणकाशेजारी चिकटवले आहे.

उरलेले पाच नग ३१ मार्चला नफा-तोट्यास गेले. त्यांची रक्कम लहान होती. नोंद मात्र अण्णांनी स्वतःच्या अक्षरात लिहवून घेण्याऐवजी दादांकडून टंकून घेतली, आणि तपशिलाच्या रकान्यात एवढेच सांगितले : ‘कोणाकडे येणे नाही.’