उसनवारी

२०१२चा पावसाळा जालन्याला दगा देऊन गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात आमची मोसंबीची बाग बसली. वडिलांनी टँकरचं पाणी विकत घेऊन झाडं जगवून पाहिली. पैसे संपले तेव्हा कुऱ्हाड लावली. मी ठाण्यात नोकरीला होतो, टेंभी नाक्याजवळ एका बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, मावशींकडे भाड्याने. पगार गावी जायचा, भाडं थकायचं.

मावशी मूळच्या अलिबागकडच्या. आडनावाच्या शेवटी 'कर', बोलणं चोख मराठी. शुक्रवारी दिवेलागणीनंतर मात्र गॅसला हात लावायचा नाही. यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. ठाण्याचं १८७९ सालचं सिनेगॉग म्हणजे मावशींचं माहेरच.

एकदा त्यांच्याकडे मलिदा होता. प्रेषित एलियाहू हनाबीच्या नावाने भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि भोवती फळं. झाडाच्या फळाची प्रार्थना वेगळी, जमिनीच्या पिकाची वेगळी; केळं त्यांच्या हिशेबी जमिनीचं. मी गावाहून आणलेली मोसंबी त्यांनी ताटात मांडली. माझं डोकंच फिरलं. ज्या झाडाचं सरपण झालं, त्याच्या फळासाठी देवाचे आभार?

मावशींनी जुन्या काळच्या एका धर्मगुरूची, रब्बी अकिवाची गोष्ट सांगितली. गावात कुणी थारा दिला नाही म्हणून तो रानात झोपला. वाऱ्याने दिवा विझवला, मांजराने कोंबडा खाल्ला, सिंहाने गाढव. त्याच रात्री फौजेने सगळं गाव धरून नेलं. उजेड नाही, आवाज नाही, म्हणून हा वाचला.

"आणि त्या गावकऱ्यांचं काय?" मी विचारलं.

"ते त्याला विचार," मावशींनी वर बोट दाखवलं. "आम्हीही भांडतो त्याच्याशी. पण फळ गोड होतं ना? ते आधी कबूल कर, मग भांड."

गोष्ट मला आजही पटत नाही. तो क्रम तेवढा अंगवळणी पडला. आता मी जालन्यातच असतो. नळ आठ-दहा दिवसांनी येतो, तोही भलत्या वेळी. पहिला तांब्या भरला की पाणी आलं म्हणून हात जोडतो. मग ड्रम भरता भरता मनसोक्त शिव्या घालतो. बायको म्हणते, हे कुठलं अध्यात्म!

त्या उन्हाळ्यात मावशींनी भाड्याचा तगादा लावला नाही. माफही केलं नाही. महिन्याच्या महिन्याला वहीत माझ्या नावावर उसने मांडत गेल्या. ज्यू पंडित मैमोनिडीजने बाराव्या शतकात दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यांतली सर्वांत वरची म्हणजे माणसाला कर्ज किंवा काम देऊन उभं करणं, हे मी फार नंतर वाचलं. हातात पैसे आले तेव्हा थकबाकी घेऊन गेलो. वाटलं, राहू दे म्हणतील. मावशींनी चष्मा लावला, वही काढली, थुंकी लावून एकेक नोट मोजली आणि त्यातली एक फाटकी निघाली तर बदलून मागितली.