आजोबांचा अंगठा

१ ऑक्टोबर हा जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने तो १९९० साली ठरवला व १९९१ पासून तो पाळतात. आमचे गुरुजी म्हणाले, "नुसते भाषण ऐकून दिवस पाळायचा नाही. आपल्या फुलसावंगीतल्या आजी-आजोबांकडे जाऊन बसायचे." म्हणून २०२५ साली आमच्या चौथीच्या वर्गाचे पाच-पाच मुलांचे गट केले. आमच्या गटाला दोन घरे मिळाली. सोबत वही, पेन्सिल व शाईचे पॅड दिले.

जाण्याआधी गुरुजींनी सांगितले की, वय झाले म्हणजे आधी बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. आपण मुले बारीक आवाजात व भरभर बोलतो. म्हणून समोर बसून हळू व जाड आवाजात बोलायचे. नुसते ओरडायचे नाही.

पहिल्या घरी आजी होत्या. त्यांच्या डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले भिंग गढूळ होते. आजी म्हणाल्या, "आधी सारं धुक्यावानी दिसे. आता सुईत दोरा ओवता येते मले." त्यांनी दोरा ओवून दाखवला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

आजींना जन्मतारीख माहीत नाही. त्या म्हणाल्या, "मिलो खाल्ली ना, त्या सालचं माहं लगन. तवा मी सोळा वर्साची असन." मिलो म्हणजे १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली परदेशातली लाल ज्वारी. आम्ही वहीत गणित केले. २०२५ मधून १९७२ वजा केले तर ५३ उरले. त्यात १६ मिळवले, ६९ झाले. आजी हसून म्हणाल्या, "एवढी म्हतारी झाली का बाप्पा मी!"

दुसऱ्या घरी आजोबा होते. ते ७३ वर्षांचे आहेत. ते म्हणाले, "एसटीत तुहं बी अर्धं तिकीट अन् माहं बी अर्धं." हे खरे आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना अर्धे तिकीट असते व ६५ ते ७५ वर्षांच्या माणसांनाही अर्धे असते. ७५ झाले की एसटी फुकट. ते २०२२ सालापासून सुरू झाले.

मग आजोबांनी आपली अडचण सांगितली. त्यांना श्रावणबाळ योजनेचे पैसे दर महिन्याला येतात. पण पैसे काढायला मशीनवर अंगठा ठेवावा लागतो. तो उठतच नाही. "तीन चकरा झाल्या पोरी. मशीन म्हनते, हा अंगठा तुहा नाही. मंग कोनाचा हाय?" आम्हाला हसू आले, पण आजोबा हसले नाहीत. किराण्याची उधारी राहिली आहे. त्यांना दुकानापुढून जायची लाज वाटते.

मी पॅड काढले. आम्ही पाचही जणांनी कागदावर अंगठे उठवले. सगळ्यांच्या अंगठ्यात नांगरलेल्या वावरासारख्या रेघा आल्या. आजोबांनी अंगठा दाबला तर नुसता काळा डाग आला. पुन्हा दाबला, पुन्हा डागच. मी त्यांचा हात धरून पाहिला. तळवा सागाच्या पानासारखा खरखरीत होता, पण अंगठ्याचे टोक एकदम गुळगुळीत. त्यांनी पन्नास वर्षे विळा, कुऱ्हाड, बैलांचा कासरा धरला व कापूस वेचला.

शाळेत येऊन गुरुजींना कागद दाखवला. गुरुजी म्हणाले, "जास्त काम केल्याने त्या रेघा झिजतात. शिवाय म्हातारपणी कातडी पातळ व कोरडी होते." मला वाटले, ज्या बोटांनी जास्त काम केले तीच बोटे मशीन ओळखत नाही. हे बरोबर नाही.

गुरुजींनी असेही सांगितले की, आधार काढताना दहा बोटांबरोबर दोन्ही डोळ्यांची बुबुळेही घेतात. म्हणून बुबुळावरूनही ओळख पटू शकते. शिवाय पासबुक घेऊन बँकेत गेले व पैसे काढायची चिठ्ठी भरली तर खात्यातले पैसे काढता येतात. मी हे सगळे वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिले व आजोबांच्या घरी नेऊन दिले. त्यांच्या मुलाने ते वाचले व "सोमवारी बाबाले घेऊन जातो" असे सांगितले.

ते ठसे या निबंधाच्या बाजूला चिकटवले आहेत. पाच आमचे व दोन आजोबांचे. सर्वांनी पाहावे. तुमच्या घरच्या आजी-आजोबांचा अंगठा उठतो का तेही विचारावे.

आजोबांना पैसे मिळाले की मी खाली लिहीन. त्यासाठी एक ओळ मोकळी सोडली आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी